अल्पशा आजाराने नाही गेल्या आपल्या आजी

प्रति,
आपल्या सोसायटीची मॅनेजिंग कमिटी, दोन्ही विंगमधले सगळे सभासद, भाडेकरू, आणि ज्यांना मीटिंगला कधीच बोलवत नाहीत ते पण सगळे,

नमस्कार.

ग्रुपवरच टाकलं असतं पण दिवाळीपासून ग्रुप ‘ओन्ली ॲडमिन’ करून ठेवलाय, आणि नसता केला तरी लांब लिहिलं की लोक अंगठा दाखवून पुढे जातात, म्हणून हे असं उघड लिहितेय. सोसायटीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, खारघर-तळोजा पट्ट्यात आपल्यासारखे सोडतीतले टॉवर ढिगाने आहेत, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं की विशेष सर्वसाधारण सभा आहे. अजेंडा बोर्डावर लागलाय. विषय पहिला बाहेरचं रंगकाम आणि एलिव्हेशन (म्हणजे बिल्डिंगच्या दर्शनी बाजूची सजावट), विषय दुसरा पार्किंगचे स्टिकर, विषय तिसरा अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय, आणि खाली कंसात ‘अल्पोपहाराची सोय केली आहे’. मी जाता येता तीनदा वाचला. मार्चमध्ये आपल्या जिन्यात धुराने एक माणूस गेलं, त्याला दहा महिने होतील आता, आणि नंतरच्या एकाही सभेत तो विषय अजेंड्यावर आलेला नाही. आयत्या वेळच्या विषयांत पण नाही.

त्या सकाळचा बोर्ड आठवतोय का कोणाला? मला आठवतोय. फळ्याला झेंडूचा हार, आणि खडूने लिहिलेलं की कळविण्यास अत्यंत दुःख होते की बी विंगच्या तेराव्या मजल्यावरील अमुक अमुक यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. अल्पशा आजाराने! मी तिथे चपला घालून उभी होते, केसांना अजून धुराचा वास होता, आणि मी सेक्रेटरी दादांना म्हटलं की दादा हे काय लिहिलंय. ते म्हणाले, अहो ताई तो मजकूर ठरलेलाच असतो, आम्ही नुसतं नाव बदलतो. खरंच तसंच होतं. रात्रभर ते पण धावपळ करत होते, डोळे लाल झालेले, त्यांना त्या वेळी काय सुचणार. मी तेव्हा काही बोलले नाही, पुसून दुसरं लिहा असंही म्हटलं नाही. पण ते वाक्य बारा दिवस तसंच होतं फळ्यावर. तेराव्याच्या दिवशी ते पुसून पाणीकपातीची सूचना लागली, आणि मला वाटतं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ते तसंच राहून गेलं, की आजी म्हाताऱ्या होत्या, आजारी असतील, गेल्या.

ज्यांनी नंतर फ्लॅट घेतलेत त्यांच्यासाठी सांगते. आजी म्हणजे गेटजवळच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीतल्या आजी. मूळच्या पोलादपूरकडच्या, आयुष्य घाटकोपरच्या चाळीत गेलं, मुलाला सोडतीत घर लागलं म्हणून इथे आल्या आणि पहिले सहा महिने सगळ्यांना सांगायच्या की इथे दारं बंद असतात गं, माणसं कुठे असतात. मग त्यांनी स्वतःच उपाय काढला, संध्याकाळी पाच ते आठ गेटवर खुर्ची टाकून बसायचं. कोण आलं कोण नाही सगळा हिशोब. मेट्रोने पेंधरला उतरून मी चालत यायचे तर लांबूनच, ‘आज उशीर गं?’ माझ्या आईने सुद्धा एवढी चौकशी केली नसेल. कुरिअरवाल्या पोरांना पाणी, आणि त्यातल्या एकाला रोज ओरडा, कारण तो हेल्मेट हाताला अडकवायचा. निम्म्या बी विंगच्या जास्तीच्या चाव्या त्यांच्याकडे, एका लोणच्याच्या बरणीत. कोणती चावी कोणाची हे फक्त त्यांनाच माहीत. गच्चीची चावी मात्र त्यांच्याकडे नव्हती.

आता ती रात्र. लिहिणं भाग आहे, कारण आपण ती नीट कधी बोललोच नाही एकत्र, लिफ्टमध्ये दोघं भेटले की दोघांपुरतं बोलतो आणि मजला आला की थांबतो.

मी अकराव्यावर. अडीचच्या सुमाराला मला वास आला होता. जळका, तारेचा. मी उठले, आणि मला वाटलं तळोज्याच्या कारखान्यांच्या बाजूचा वास आहे, रात्री येतोच आपल्याकडे, सगळ्यांना सवय झालीय, म्हणून मी खिडकी लावली, पंखा वाढवला आणि परत आडवी झाले. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला पण नाही. दहा पंधरा मिनिटं गेली असतील. मग दार वाजायला लागलं. आजींचा नातू. त्याची दहावीची परीक्षा चालू होती, तो अभ्यासाला जागा होता म्हणून त्याला धूर दिसला, आणि तो बारावा आणि अकरावा मजला दारं बडवत खाली आला होता. आईवडील त्या रात्री गावाला होते. त्याला वाटलं आजीला घराबाहेर जिन्यात काढलंय, ती बसलीय, आपण दोन मजले लोकांना उठवून परत वर जाऊ. सोळा वर्षांचं पोर.

आजी बसल्या नाहीत. किंवा बसवेना, खालून धूर वर येत होता. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, तेरा मजले उतरणं त्यांना शक्यच नव्हतं, गच्ची दीड जिना वर होती. त्या वर गेल्या. गच्चीला कुलूप होतं. कुलूप का होतं ते सगळ्यांना माहीत आहे, पोरं वर बसून दारू पितात म्हणून त्याच्या आधीच्या सभेत आपणच हात वर करून ठराव पास केला होता, माझा पण हात वर होता.

आगीच्या अलार्मचा बझर वाजला नाही. तो वॉचमनच्या केबिनमधल्या पॅनलवर बंद करून ठेवला होता, कारण डासांची फवारणी झाली की वाजायचा आणि लोक वैतागायचे. डक्टमध्ये सहाव्या मजल्यावर केबल पेटली होती, आग म्हणाल तर तशी लहानच, पण डक्ट म्हणजे सरळ खालपासून वरपर्यंत पोकळ चिमणी असते, मजल्या मजल्याला ती बंद करायला हवी ती आपल्याकडे उघडीच, आणि जिन्याची फायर डोअर्स, जी आपोआप बंद व्हावीत म्हणून असतात, ती हवा खेळावी म्हणून आपण टेकण देऊन उघडी ठेवलेली. अकराव्यावरच्या दाराला टेकण म्हणून जी कुंडी होती ती माझी होती. कोरफडीची. धुराला जायला आपणच सगळ्यांनी मिळून वाट करून दिली होती, असं मला आता दिसतं.

अग्निशमनवाले आले ते लवकर आले, पण गेटच्या आत दोन गाड्या आडव्या लावलेल्या, त्या हाताने ढकलून बाजूला केल्या. त्यांनीच गच्चीचं कुलूप तोडलं आणि त्यांनीच आजींना चौदा मजले खाली आणलं, चादरीत, चौघांनी, आणि त्यातला एक पोरगा खाली येऊन कट्ट्यावर बसला आणि रडला. एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

पेपरात दोन ओळी आल्या. शोकसभेत दोन मिनिटं शांतता म्हटलं होतं, मी मनात मोजत होते, चाळीस सेकंदात कोणाचा तरी फोन वाजला आणि झालं. मग भाषणं. ‘देवापुढे कोणाचं चालतं’, ‘दुर्दैवी घटना’, आणि एक वाक्य जे अध्यक्ष काकांनी चांगल्या मनानेच म्हटलं असणार, की तशी वयानेही त्या थकल्या होत्या. काका, तुम्ही मला वडिलांच्या जागी आहात, पण हे वाक्य तुम्ही परत घ्यावं असं मला फार वाटतं. एकाहत्तर म्हणजे काही जायचं वय नाही. त्या त्याच संध्याकाळी खुर्चीत बसून मला म्हणाल्या होत्या की यंदा आंबा महाग होणार.

आता तुम्ही म्हणाल हिला आत्ताच का आठवलं सगळं. तर दोन गोष्टी झाल्या.

माझा मावसभाऊ लंडनला असतो, आयटीत. त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मी आजींचं सांगितलं, तर तो म्हणाला मी इथे एका मूक मोर्चाला गेलो होतो. ग्रेनफेल टॉवर नावाची बिल्डिंग, पश्चिम लंडनमधली, चोवीस मजल्यांची, नगरपालिकेची घरं, म्हणजे आपल्यासारखीच साधी कामधंदा करणारी माणसं, जगाच्या कुठून कुठून येऊन राहिलेली. १४ जून २०१७ च्या रात्री एकच्या आधी चौथ्या मजल्यावरच्या एका किचनमधला फ्रीज पेटला. तेवढंच, एक फ्रीज. पण वर्षभरापूर्वी त्या बिल्डिंगला बाहेरून नवीन आवरण बसवलं होतं, आतल्या इन्सुलेशनसाठी आणि दिसायला बरं म्हणून, ॲल्युमिनियमचे पत्रे आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पॉलिथिलीन. प्लास्टिक हो, दुसरं काय. आग खिडकीतून बाहेर आली ती त्या आवरणाने वर धावत गेली. ७२ माणसं गेली, त्यात १८ मुलं. सगळ्या टॉवरला जिना एकच. फोन केला की उत्तर मिळत होतं घरातच थांबा, कारण काँक्रीटच्या बिल्डिंगमध्ये आग एका घरात कोंडून राहते असा नियम, आणि तो सल्ला बदलला पावणेतीनला, तोपर्यंत जवळजवळ दोन तास गेलेले. बरेच लोक खाली धूर म्हणून वरच्या मजल्यांवर गेले. हे त्याने सांगितलं तेव्हा मी फोन खाली ठेवला थोडा वेळ.

रमजान चालू होता म्हणून बरेच लोक सहरीसाठी जागे होते, आणि त्यांनी शेजाऱ्यांची दारं वाजवून लोकांना बाहेर काढलं. आपल्याकडे दहावीचं पोर, तिकडे सहरी. कोणीतरी जागं असतं म्हणून बाकीचे वाचतात, यंत्रं झोपलेली असली तरी.

पण मला सांगायचंय ते त्या मोर्चाबद्दल. त्या वस्तीतले लोक त्यानंतर कितीतरी महिने दर १४ तारखेला संध्याकाळी जमायचे आणि चालायचे. घोषणा नाही, माईक नाही, बोर्डावर मेलेल्यांची नावं, गळ्यात हिरवे मफलर आणि हिरवं हृदय. अजूनही १४ जूनला चालतात. मावसभाऊ म्हणाला हजारो माणसं आणि फक्त पावलांचा आवाज, बसेस थांबलेल्या, आणि वाटेत अग्निशमनवाले रांगेत उभे असतात, चालणारे लोक त्यातल्या एकेकाला मिठी मारून पुढे जातात. मला तो आपल्या कट्ट्यावर बसून रडणारा पोरगा आठवला. आपण त्याला चहा तरी विचारला का?

आणि या लोकांनी काय केलं, तर ‘दुर्दैवी घटना’ हे शब्द मान्यच केले नाहीत. कारण आगीच्या सात महिने आधी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, तिथल्या रहिवाशांच्या गटाने चक्क लिहून ठेवलं होतं की मोठी जीवितहानी झाल्याशिवाय हे लोक आमचं ऐकणार नाहीत. त्यांना तोवर कटकटे समजत होते. मग सरकारी चौकशी लागली, आणि तिच्यातल्या साक्षी २०१८ च्या मे महिन्यात सुरू कशा झाल्या बघा, इंजिनिअरच्या रिपोर्टने नाही, पत्र्याच्या टेस्टने नाही. पहिले सात दिवस घरच्यांनी येऊन आपलं गेलेलं माणूस कोण होतं ते सांगितलं. फोटो दाखवले, आवडती गाणी, कोण काय शिकत होतं, एका जोडप्याने त्यांच्या न जन्मलेल्या बाळाबद्दल सांगितलं. आधी माणसं आणि मग पत्रे. मला हे इतकं बरोबर वाटलं. म्हणूनच मी वर आधी लोणच्याच्या बरणीचं लिहिलं आणि नंतर डक्टचं.

त्या चौकशीचा शेवटचा रिपोर्ट सप्टेंबर २०२४ मध्ये आला, सात वर्षांनी, जवळजवळ १७०० पानं, आणि चौकशीच्या प्रमुखांनी सांगितलं की झालेला प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा होता. एकूण एक. आवरणाचं सामान विकणाऱ्यांनी टेस्टच्या बाबतीत पद्धतशीर अप्रामाणिकपणा केला, सरकारला धोका वर्षानुवर्षं माहीत होता, पालिकेने लक्ष घातलं नाही, सगळं लिहिलंय. आवरण आधी जस्ताचं ठरलं होतं, ते बदलून स्वस्तातलं घेतलं, वाचले जवळजवळ तीन लाख पाउंड. खटले अजून उभे राहायचेत. म्हणजे न्याय मिळाला असं मी म्हणत नाहीये. पण तिथे फळ्यावर अल्पसा आजार कोणी लिहू शकत नाही आता.

दुसरी गोष्ट हाँगकाँगची, ती तुम्ही टीव्हीवर पाहिलीच असेल. २६ नोव्हेंबर २०२५ ला, आपल्याकडे त्या दिवशी सकाळपासून २६/११ च्या श्रद्धांजलीचे मेसेज फिरत होते आणि दुपारनंतर हे व्हिडिओ यायला लागले. ताई पो नावाच्या भागातलं वांग फुक कोर्ट, आठ टॉवर, सरकारी योजनेत सवलतीने विकलेली घरं, १९८३ पासून लोक राहत होते, म्हातारी माणसं खूप. बाहेरून दुरुस्ती आणि रंगकाम चालू होतं. बांबूची परांची, वरून हिरवी जाळी, आणि काचा फुटू नयेत म्हणून खिडक्यांवर फोमचे तक्ते चिकटवलेले. आठातले सात टॉवर पेटले. दीडशेच्या वर माणसं गेली, त्यात एक अग्निशमन जवान, आणि परदेशातून येऊन तिथे घरकाम करणाऱ्या बायका, ज्यांचं ते घर पण नव्हतं. अलार्म नीट चालत नव्हते. आणि जाळीचं तर ऐका, तिथल्या अधिकाऱ्यांनीच तपासातून सांगितलंय की खाली, जिथे तपासणीवाल्याचा हात पोचतो, तिथे नियमातली जाळी लावली होती आणि वरच्या अवघड ठिकाणची जाळी नापास निघाली. हे वाचून मला हसूच आलं, वाईट हसू, कारण हे तर अगदी आपलंच वाटतं ना, पाहुण्यांपुरता धुतलेला टेबलक्लॉथ. रहिवाशांनी वर्षभर आधी जाळीबद्दल तक्रार केली होती, त्यांना उत्तर मिळालं होतं की आगीचा धोका तसा कमी आहे.

तिथे पण लोक पांढरी फुलं घेऊन तासन् तास रांगेत उभे राहिले. आणि एका विद्यार्थ्याने स्वतंत्र चौकशी करा वगैरे चार मागण्यांची पिटिशन काढली तर पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. रडा पण विचारू नका, असा त्याचा अर्थ मी घेतला. आता आपली सोसायटी काय मला अटक करणार नाही, पण गेल्या महिन्यात मी जिन्यात नवीन एलिव्हेशनबद्दल विचारलं तेव्हा ट्रेझरर मॅडम काय म्हणाल्या, ‘किती निगेटिव्ह असता हो तुम्ही, चांगलं काही चाललंय तर.’ जात तीच आहे.

आणि लांबचं कशाला. २०२५ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या मध्यरात्रीनंतर वाशीला सेक्टर १४ मध्ये उंच इमारतीत आग लागली, दहाव्या मजल्यावरून वर पसरली, चार जण गेले, त्यात एक सहा वर्षांची मुलगी. त्याच दिवशी कामोठ्याला दुसऱ्या सोसायटीत मायलेकी गेल्या. आपल्या ग्रुपवर त्या सकाळी छत्तीस जणांनी हात जोडलेले टाकले आणि सदतिसावा मेसेज होता मॉड्युलर किचनवर दिवाळी ऑफर. कोणीही, एकानेही, अरे आपल्या आजी, असं लिहिलं नाही. मी पण नाही. मी टाइप केलं आणि खोडलं, कारण वाटलं सणासुदीला कशाला. दुसऱ्या दिवशी ग्रुप ‘ओन्ली ॲडमिन’ झाला, पार्किंगच्या भांडणावरून.

आता रंगकामाबद्दल. तेराव्याच्या लॉबीत डक्टशेजारच्या भिंतीवर अजून काजळीचा पट्टा आहे, छतापर्यंत गेलेला. मी आधी म्हणणार होते की तो पुसू नका, राहू द्या, लोकांना दिसू द्या. मग मी आजींच्या सूनबाईंना विचारायला गेले, आणि त्या म्हणाल्या, ताई, मी रोज दार उघडते तर समोर तेच असतं, पोरगा तिकडे न बघता लिफ्टपर्यंत जातो, लावा हो रंग एकदाचा. मी गप्प बसले. ग्रेनफेलचं पण असंच झालंय, जळलेला सांगाडा इतकी वर्षं पांढऱ्या कापडात गुंडाळून उभा होता, २०२५ मध्ये सरकारने तो उतरवायचा ठरवलं तर घरच्यांमध्येच दोन मतं, कोणाला खिडकीतून तो बघवत नव्हता आणि कोणी म्हणत होतं न्याय होईपर्यंत हलवू नका, ती आमच्या माणसांची जागा आहे. दोघंही बरोबर, मी कोण सांगणार. तेव्हा रंग लावा, माझा विरोध नाही, तेराव्या मजल्यापासूनच सुरुवात करा.

पण एलिव्हेशनला माझा विरोध आहे, किंवा असं म्हणा की मला आधी एका प्रश्नाचं उत्तर हवंय. कोटेशनमध्ये ‘फ्रंट साइड एसीपी क्लॅडिंग’ लिहिलंय, तळमजल्यापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत दोन पट्टे, पिस्ता आणि राखाडी. एसीपी म्हणजे ग्रेनफेलवर होतं तेच, ॲल्युमिनियमचे दोन पत्रे आणि मध्ये काहीतरी. ते मधलं काय आहे? साधं पॉलिथिलीन असेल तर जळतं, आगीला टिकणारा मिनरल भरलेला प्रकार वेगळा येतो, महाग येतो, आणि त्याचं टेस्ट सर्टिफिकेट असतं. मी कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, मॅडम सगळीकडे हेच लावतात. हे उत्तर मला चालणार नाही. आणि परांचीवर जी जाळी येईल ती कुठली, खिडक्यांना काय चिकटवणार, किती महिने, आणि त्या काळात कामगार खाली स्वयंपाक कुठे करणार, हे पण विचारायचंय. दिसायला चांगलं हवंच कोणाला नकोय, माझ्या पण पोरीचं लग्न ठरवायचंय, पाहुणे येतात. पण चौदा मजले पिस्ता रंग लावून त्याच्या आत बझर बंद, हे कसं चालेल?

बझरवरून आठवलं. कायदा आहे आपल्याकडे, महाराष्ट्राचा २००६ चा, आग प्रतिबंधक आणि जीव संरक्षक उपाययोजनांचा, त्यात सोसायटीने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचा असतो, फॉर्म बी म्हणतात त्याला. आपला मागचा फॉर्म बी आहे, फाइलमध्ये, मी पाहिला, शिक्का सही सगळं व्यवस्थित. त्यावर लिहिलंय पंप चालू, अलार्म चालू, होज रील (आगीवर पाणी मारायचा गुंडाळलेला पाइप) चालू. माझ्या मजल्यावरच्या होज रीलच्या पेटीत त्या दिवशी दोन झाडू आणि एक फिनेलची बाटली होती, आणि पाइप तर नव्हताच. मी त्या एजन्सीचं नाव घेत नाही, कमिटीलाही एकट्याला धरत नाही, कारण तो सही करायला आला तेव्हा आपल्यापैकी कोणी त्याला म्हटलं का की जरा पाणी सोडून दाखवा? झाडू ठेवणारे पण आपणच. रेफ्युज एरियामध्ये, जो आगीच्या वेळी थांबायला ठेवलेला मोकळा भाग असतो, तिथे आज पण तीन सोफे आहेत, एक पाळणा आहे आणि गणपतीच्या मखराचं थर्माकोल आहे. हा जानेवारी चालू आहे. या वेळी एजन्सीवाला येईल तेव्हा मला फोन करा, मी रजा टाकते, त्याच्याबरोबर सगळे मजले चढते.

आणि माझ्या घराचं पण सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांनाच शहाणपण. बाल्कनीला मी बॉक्स ग्रिल लावलंय, कपडे वाळत घालायला आणि कबुतरं नकोत म्हणून, त्याला उघडायची खिडकी ठेवलेली नव्हती. ती मागच्या आठवड्यात करून घेतली, अडीच हजार घेतले वेल्डरने. कोरफडीची कुंडी घरात आणलीय, ऊन नाही म्हणून मरायला टेकलीय, पण आणलीय.

नातवाने उरलेले पेपर दिले होते, हे तुम्हाला माहीत आहे ना? आजींच्या दिवसांतच, डोक्याला टोपी घालून. पास झाला. आपल्या बिल्डिंगमध्ये दहावीच्या निकालाला पेढ्यांचे बॉक्स फिरतात, त्याच्या घरून आले नाहीत आणि आपल्यातलं पण कोणी नेऊन दिले नाहीत, कारण काय बोलायचं ते सुचेना. तो अजून समजतो की मी आजीला सोडून खाली गेलो म्हणून. मला तो एकदा म्हणाला, काकू, मी आधी गच्चीचं कुलूप बघायला पाहिजे होतं. ते कुलूप आपण लावलं होतं, एकशे बारा फ्लॅटनी हात वर करून, आणि त्याचा भार एक पोरगा घेऊन फिरतोय. त्याला कोणीतरी मोठ्या माणसाने, कमिटीच्या लेटरहेडवर, हे लिहून द्यायला हवं की बाळा तुझं काही चुकलं नाही, आमचं चुकलं. त्याच्या आईवडिलांना पण. वाटल्यास सही पहिली माझी घ्या.

तर २६ तारखेला माझं एवढंच मागणं आहे की एलिव्हेशनच्या आधी आजींचा विषय घ्या. आयत्या वेळी नको, पहिला. ज्याला जे आठवतं ते बोलू दे, लोणचं आठवो की ओरडा आठवो, पाव तास जाईल. मग त्या रात्री काय काय बंद होतं आणि काय काय उघडं होतं ते मिनिट्समध्ये लिहा, जसं झालं तसं. मग कोटेशन काढा, मी खुर्चीतच बसलेली असेन.

गच्चीची चावी आता कोणाकडे असते, ते बोर्डावर लिहा.

आणि मार्चमध्ये आजींचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशीचा फळा मला लिहू द्या. माझं अक्षर बरं आहे, आणि खडू माझ्याकडे आहे.

आपली,
बी विंग, अकरावा मजला